मराठीचा मौका पंचनामा

रघुनाथराव खवसे यांना सहा भाषा येतात, हे मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात सगळ्यांना माहीत आहे, कारण ते स्वतःच सांगत असतात. माणूस विम्याचा एजंट. सिंधी कापडवाल्याकडे गेले की सिंधीत तब्येत विचारतात, मारवाड्याकडे मारवाडीत, रेल्वेच्या क्वार्टरात भोजपुरीत, डोंगराकडच्या गोंड शेतकऱ्याकडे गोंडीत, ढाब्यावरच्या सरदारजीकडे पंजाबीत. हिंदी तर काय, रस्त्यावरच पडलेली. हिंदी सोडली तर प्रत्येक भाषेत त्यांना पाचच वाक्यं येतात. तब्येत कशी, पोरं किती, मोठं काय करते, जिंदगीचा भरवसा नाही, अन् इथं सही करा. पण पाच वाक्यांत समोरचा मरायची तयारी दाखवतो म्हटल्यावर सहावं शिकायचं कायले?

मराठी त्यांनी या सहात धरलीच नव्हती. घरात जे बोलतो त्याला कोणी भाषा म्हणते का? ते आपलं बोलणं. श्वास घेतल्यासारखं.

सोमवारी सकाळी त्यांची लेक अश्विनी नागपूरहून आलेलं पत्र घेऊन समोर उभी राहिली अन् तो श्वास अडकला.

नागपूरच्या एका मोठ्या ट्रस्टच्या वाचनालयात अश्विनीची निवड झाली होती. मुलाखत झाली ती सगळी कॉम्प्युटरवर अन् पुस्तकं कशी लावतात यावर. दोन वर्षं ती अशा जागेसाठी अर्ज करत होती. घरात कोणी पुस्तक उलटं ठेवलं तरी सरळ करणारी पोरगी, तिला यापेक्षा वेगळं काही नकोच होतं. पण पत्रात खाली एक ओळ होती. दहावीला मराठी विषय असल्याचा पुरावा, नाहीतर मातृभाषा मराठी असल्याचं राहत्या गावच्या सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत आणून द्यावं. नाही दिलं तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल.

"दहावीले तुह्यी तिसरी भाषा कोन्ती होती?" रघुनाथरावांनी विचारलं.

"संस्कृत."

"अन् घरात कोन संस्कृत बोलते?"

"बाबा, मराठी शिकवाले मास्तरच नव्हते शाळेत. तुमीच म्हनले होते, संस्कृत घे, मार्क चांगले पडते."

हे खरं होतं, म्हणून रघुनाथरावांनी विषय बदलला. "चिंता करू नको. सक्षम अधिकारी म्हन्जे काय, आपल्या ओळखीचा कोनी तरी निघनच."

इथून पुढे चार दिवस पांढुर्ण्यात सक्षम अधिकाऱ्याचा शोध चालला.

पहिला सल्ला शेजारच्या मोतीरामभाऊंचा. मोतीरामभाऊ बिजली खात्यातून रिटायर झालेले. चाळीस वर्षं त्यांनी साहेबांच्या मागे फाइल धरून काढली, त्यामुळे सरकार कसं चालतं हे त्यांना पाठीकडून माहीत होतं. ते म्हणाले, "खवसेभाऊ, वार्डाच्या मेंबरचं पत्र आना. खालून सुरुवात केली का कागद वर चढते."

मेंबरनं चहा पाजला, अश्विनीला आशीर्वाद दिला अन् टेबलाच्या खणातून छापील कागद काढून सही ठोकून दिली. घरी येऊन वाचलं तर ते चारित्र्याचं प्रमाणपत्र. 'मैं इन्हें विगत पाँच वर्षों से जानता हूँ, इनके विरुद्ध कोई आपराधिक प्रकरण नहीं है.' पुन्हा गेले तर मेंबर म्हणाला, "भाऊ, माह्याजवळ याच नमुन्याचे हायेत. पन चालून जाईन. मराठी बोलनं काही गुन्हा नाही, हे त्यात आलंच नं!"

दुसरा सल्ला सौसरहून आला. रघुनाथरावांचा साळा विनोद, सौसरला राहतो, मोटारसायकलवर येतो अन् येताना सल्ला बांधूनच आणतो. प्रतिभाताईंचा, म्हणजे रघुनाथरावांच्या बायकोचा, हा एकुलता एक भाऊ, म्हणून त्याला कोणी थांबवत नाही. "भाऊजी, शपथपत्र करा. शपथपत्रापुढे कलेक्टर बी बोलत नाही."

कचेरीसमोर टिनाच्या शेडमध्ये टायपिंगवाला बसतो. त्याच्या कॉम्प्युटरात निवासाचं, नाव बदलल्याचं अन् मार्कशीट हरवल्याचं अशी तीन शपथपत्रं तयार होती. त्यानं त्यातलं निवासाचं घेतलं अन् 'निवासी' काढून 'मराठीभाषी' घातलं.

"कब से?" त्यानं विचारलं.

"क्या कब से?"

"मराठीभाषी कब से हैं? दिनांक भरना पड़ता है. नहीं तो सिस्टम आगे नहीं जाता."

रघुनाथरावांनी बराच विचार केला अन् अश्विनीची जन्मतारीख सांगितली. ती म्हणाली, "बाबा, मी जन्मल्याबरोबर बोलाले नव्हती लागली." मग तिच्या आजीला फोन लावला. देवकाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, माहेर तिगाव, कान तिखट अन् जीभ त्याहून. त्या म्हणाल्या, "अकराव्या महिन्यात 'दे' म्हने. काय दे, ते नाही सांगे." टायपिंगवाल्यानं अकरा महिन्यांचा हिशेब करून तारीख टाकली. भारतात आपली मातृभाषा कोणत्या मंगळवारी सुरू झाली हे कागदावर असलेली अश्विनी बहुधा एकटीच असेल.

ते शपथपत्र घेऊन बाप-लेक कचेरीच्या खिडकीवर गेले. खिडकीतला बाबू भला माणूस होता. त्यानं कागद तीनदा वाचला अन् दुःखी झाला. "निवास का बनता है, जाति का बनता है, आय का बनता है. भाषा का तो कॉलम ही नहीं है. हर बीस कोस पर तो यहाँ बोली बदलती है, किस-किस का बनाएँगे?"

"साहब, नौकरी का सवाल है," रघुनाथराव म्हणाले. ते हिंदीत म्हणाले, हे इथं नमूद करून ठेवतो. बाबूच्या छातीवरच्या पाटीवर आडनाव ढोबळे होतं. ढोबळे म्हणजे पाचशे टक्के आपलाच माणूस, घरी जाऊन चून-भाकरच, म्हणजे पिठलं-भाकरच, खाणार. पण खिडकीच्या आत बसला तो सरकार, अन् सरकारशी हिंदीत बोलायचं हे आपल्याकडं आईच्या पोटातूनच शिकून येतात. शर्ट पँटीत खोचलेला दिसला की जीभ आपोआप वळते. लग्नात हाच ढोबळे भेटला असता तर "काय जी, कवा आले?" झालं असतं.

बाबूनं शेवटी वाट काढली. साध्या कागदावर अर्ज द्या. नायब तहसीलदार पयासी साहेब नवीन आलेत रीवाकडून, ते स्वतः घरी येऊन बघतील. मौका पंचनामा, म्हणजे जागेवरचा पंचनामा, होईल. पाच लोकांनी सही केली की साहेब प्रमाणित करतील.

"कवा येईन साहेब?" हे घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं.

"गुरुवारी बारा वाजता."

शुक्रवारी तीनच्या आत नागपूर. म्हणजे एकच डाव. प्रतिभाताईंनी देवापुढं दिवा लावला. अश्विनीनं जेवण टाकलं. अन् रघुनाथरावांनी गल्लीची मीटिंग घेतली.

"हे पाहा," ओट्यावर उभं राहून ते म्हणाले, "उद्या साहेब येऊन राहिले ते फक्त एकच गोष्ट पाहाले. का इथं मराठी बोलतात. बस. त्याइच्यासमोर कोनी हिंदी बोलाचं नाही. एक शब्द नाही. समजलं?"

"समजलं नं बाप्पा," मोतीरामभाऊंची बायको शोभाताई म्हणाल्या. त्या सावरगावच्या, जाम नदीच्या पलीकडल्या. "आमाले काय सांगता? आमी तं दुसरं बोलतच नाही."

"रिहर्सल करू. मोतीरामभाऊ, समजा मी साहेब. आलो. आता बोला."

मोतीरामभाऊ उठून उभे राहिले, हात आपोआप जोडले गेले. "आइए सर, विराजिए."

"आँ?"

"या... या नं साहेब. बसा." त्यांना घाम फुटला. "खवसेभाऊ, तुमी साहेब म्हनले का तोंडातून निंघतेच."

पाच वेळा रिहर्सल झाली. पाचव्यांदा जमलं. रघुनाथराव खूश.

गुरुवारी बारा म्हणजे साडेबाराला पांढरी जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. पयासी साहेब उतरले. तिशी-बत्तीशीचे, बारीक, डोळ्यांवर झोप, हातात छापील फॉर्मचा गठ्ठा. सगळी गल्ली दारात उभी.

"नमस्ते सर! आइए, आइए!" मोतीरामभाऊ.

"पधारिए साहब, धूप बहुत है," शोभाताई.

"पानी लाओ रे साहब के लिए!" हे खुद्द रघुनाथराव.

अश्विनीनं कपाळाला हात लावला.

साहेब खुर्चीवर बसले. गूळपाणी प्यायले. मग म्हणाले, "तो आप लोग घर में मराठी बोलते हैं?"

"जी साहब, मराठी ही बोलते हैं," मोतीरामभाऊ म्हणाले.

"शुरू से मराठी ही बोलते हैं," शोभाताईंनी जोड दिली.

"हिंदी तो हमको आती ही नहीं, साहब," रघुनाथरावांनी शेवटचा खिळा ठोकला, अन् तो एवढ्या सफाईदार हिंदीत ठोकला की ड्रायव्हरही हसला.

रघुनाथराव कोपरानं मोतीरामभाऊंना ढोसत होते, मोतीरामभाऊ शोभाताईंना, शोभाताई पदरानं तोंड पुसत होत्या. पण कोणाच्या तोंडून मराठी निघेना. काय करणार? साहेब समोर बसलेत, जीप उभी आहे, ड्रायव्हरची टोपी दिसून राहिली. अशात "काय म्हनता साहेब" म्हणणं म्हणजे अर्ध्या चड्डीत कचेरीत गेल्यासारखं. सहा भाषांचा माणूस घामेघूम झाला. लेकीकडं बघायची हिंमत होईना. अश्विनी भिंतीला टेकून उभी होती, अन् तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

साहेबांनी फॉर्म काढला. "देखिए, भाषा का कोई प्रपत्र नहीं मिला. ये ओलावृष्टि वाला पड़ा था, इसी में भर देते हैं." गारपिटीनं पिकाचं नुकसान झालं की ज्यावर पंचनामा होतो, तो फॉर्म. साहेब भरू लागले. कृषकाचं नाव, रघुनाथ. फसल, मराठी. रकबा, म्हणजे क्षेत्र, एक मकान. मग पेन थांबला. "क्षति का प्रतिशत?"

"क्या साहब?"

"कितना नुकसान हुआ है, वो लिखना पड़ता है. मतलब अब आप लोग कितनी मराठी बोलते हैं, कितनी मिलावट है. अंदाज़ से बताइए. खाली नहीं छोड़ सकते."

इथं विनोद पुढं सरकला. तो सकाळीच सौसरहून आला होता, मदतीला. "साहब, मैं बताता हूँ. पांढुर्णा में चालीस टका नुकसान मान लो. इधर मिक्स बोलते हैं. असली मराठी हमारे सौसर में है. वहाँ दस टका भी नहीं."

मग दाराच्या आतून, जिथं देवकाबाई खाटेवर बसून निंबू कापत होत्या, आवाज आला. "काय म्हनून राहिला तो?"

शोभाताईंनी सांगितलं, "माय, तो म्हनते पांढुर्न्याची मराठी चाळीस टक्के सडली. असल सौसरची."

देवकाबाई सुरी घेऊनच बाहेर आल्या. "अरे ए विन्या! सौसरची असल? तुहा बाप पोरीसाठी माह्या पोराले पाहाले आला तवा 'हमको लड़का पसंद है' म्हने रे तो! समोर मी बसली होती, तुह्या बापाची मावसबहीन लागो मी, अन् माह्याशी हिंदी बोले! कावून रे, इचारलं तं म्हने टोपी घालून आलो. अन् आता तू मले मराठी शिकवून राहिला?"

"आत्याबाई, मी तं आपल्याच फायद्याचं..."

"कायचा फायदा? तुमी तिकडे 'करून राहिलो' म्हनत नाही, 'कर रहा हूँ' म्हनता बजारात. मले ठाऊक नाही काय? तिगावले ये, तिथची म्हैस बी तुह्याहून बरी मराठी हंबरते!"

"पन माय," शोभाताईंना राहवलं नाही, "तिगावचं तिगावले राहू दे. खरं तं आमच्या सावरगावचं बोलनं गोड. नदीच्या या कडेचे लोक 'ळ' खातात."

"काय खातो आमी?" मोतीरामभाऊ आपल्या बायकोवर उखडले. "तीस वर्सं या कडेले येऊन झाले, अन् अजून त्या कडेचं गुनगान! तुमच्या सावरगावात तं पोट्ट्याले पोट्टा म्हनाले बी लाजतात, बेटा म्हनते!"

"माह्या माहेराचं नाव काढू नका सांगून ठेवतो!"

पांढुर्णा अन् सावरगाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगड फेकतात, ते साऱ्या मुलखाला माहीत आहे. त्या दिवशी काठ नव्हते, दगड नव्हते, पण फेकाफेक तीच होती. गल्लीतला प्रत्येक माणूस आपापल्या माहेरच्या अन् आजोळच्या बाजूनं उतरला. लोधीखेड्याची एक सून होती, तिनं लोधीखेडा काढलं. रघुनाथराव मध्ये पडले, "अबे थांबा रे, साहेब बसले आहेत!" म्हणाले, अन् स्वतःच विनोदला "तू कायले तोंड घातलं बे मधात, चुपचाप चहा पेता येत नव्हता?" म्हणून बसले. दहा मिनिटं हिंदीचा एक शब्द आला नाही. म्हणजे 'कर रहा हूँ' आलं, पण ते दुसऱ्याला नावं ठेवायला.

पयासी साहेब खुर्चीत मागं टेकून बघत होते. झोप उडाली होती. त्यांनी अश्विनीला हळूच विचारलं, "ये क्या बोल रही हैं, माताजी?"

अश्विनीनं जरा विचार केला. "सर, वो मराठी की तारीफ़ कर रही हैं."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं अन् एकदम उठून जीपकडं वळले, पण भांडणामुळं आवाज मोठा काढावा लागला. "हाँ अम्मा... अबै काम मा हन, अम्मा... खाय लेब, खाय लेब..." असं बरंच काही. सगळ्या गल्लीनं भांडण टाकून कान टवकारले. हे बोलणं हिंदीसारखं होतं, पण हिंदी नव्हतं. साहेब बोलताना वेगळेच दिसत होते. एकदम बारा वर्षांचे.

"हे कोन्ती हिंदी हो?" मोतीरामभाऊंनी विचारलं, अन् मराठीतच विचारलं, कारण तोंड आता उघडलं होतं.

साहेब ओशाळून हसले. "ये बघेली है. रीवा की. घर में यही चलता है. काग़ज़ पे हम भी हिंदी ही लिखते हैं."

देवकाबाईंनी हात पुढं केला. "दे इकडे." अन् साहेबांच्या हातातून फोन घेतला. सरकारच्या हातातून फोन घेणारी ती गल्लीतली पहिलीच.

"हालू! मी देवका बोलून राहिली, पांढुर्न्याहून. तुमचं पोरगं इथं उन्हात येऊन बसलं. नाही, खाल्लं नाही काही. वाळून गेलं बाई. हो नं! माह्या बी पोराचं तसंच हाये, विमा विकत फिरते, पोटात काही नाही..."

पलीकडून रीवाची आई बघेलीत सांगत होती, इकडून देवकाबाई वऱ्हाडीत. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता, पण पाच मिनिटांत दोघींची गुडघेदुखी, दोघींच्या पोरांची जेवायची आबाळ अन् एका सुनेचा स्वभाव एवढं सगळं झालं. फोन परत देताना देवकाबाई म्हणाल्या, "चांगली बाई हाये. तुले जेवल्याशिवाय सोडू नका म्हने."

ती खरंच तसं म्हणाली होती की नाही, हे साहेबांनी सांगितलं नाही. पण ते जेवले. चून, भाकर, कांदा, ठेचा. जेवताना त्यांनी पेन काढला, क्षतीच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक', म्हणजे नुकसान शून्य.

"सर, लेकिन हमने तो आपके सामने हिंदी..." रघुनाथराव चाचरले. प्रामाणिकपणा नको तिथं उफाळून येतो, तो असा.

"खवसे जी," साहेब ठेच्यानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत म्हणाले, "आपके यहाँ दस मिनट जो हुआ, उसमें मुझे एक शब्द समझ नहीं आया. और मुझे हिंदी पूरी आती है. तो हिंदी वो थी नहीं. बस."

पाच सह्या झाल्या. पाचवी विनोदची. देवकाबाईंनी त्याला आधी माफी मागायला लावली, मराठीत.

शुक्रवारी बाप-लेक सकाळच्या गाडीनं नागपूरला पोहोचले. रघुनाथराव गाडीत सारखा कागद काढून बघत होते. कारण आता नवीनच किडा डोक्यात शिरला होता. प्रमाणपत्र सगळं हिंदीत होतं. 'प्रमाणित किया जाता है कि कुमारी अश्विनी की मातृभाषा मराठी है.' वर गारपिटीचा छापील मथळा. नागपूरवाल्यांनी विचारलं की हे काय, तर काय सांगायचं?

ट्रस्टच्या ऑफिसात रघुनाथरावांना बाहेर थांबवलं. दाराच्या फटीतून दिसत होतं. टेबलामागचे गृहस्थ नागपूरचेच असावेत, टेबलावर संत्र्याच्या साली पडल्या होत्या. पण अश्विनीच्या पत्त्यावर मध्य प्रदेश बघून ते लगेच सावध झाले अन् म्हणाले, "बैठिए मैडम."

"जी," अश्विनी म्हणाली.

"मराठी आती है ना आपको?"

"हाँ सर, आती है."

"पक्का?"

"पक्का, सर. बचपन से."

बाहेर रघुनाथरावांनी दाराची कडी घट्ट धरली. आत जाऊन ओरडावं वाटलं, 'अवो पोरी, मराठीत सांग नं बाप्पा!' पण दारावर पाटी होती, आत येऊ नये. ते फक्त तोंडानं आवाज न करता 'मराठीत, मराठीत' असं म्हणत राहिले. शिपाई त्यांच्याकडं संशयानं बघू लागला.

आत त्या गृहस्थांनी प्रमाणपत्र वाचलं. उलटून मागं बघितलं. गारपिटीच्या मथळ्यावर क्षणभर थांबले. मग पाच सह्या मोजल्या, गोल शिक्का निरखला अन् तो शिक्का बघून त्यांचा चेहरा निवळला. शिक्का गोल असला की आतलं कोण वाचते? त्यांनी आपला शिक्का शाईत बुडवला अन् मारला.

"हो गया मैडम. एक तारीख से आ जाइए."

अश्विनी बाहेर आली तेव्हा रघुनाथराव पायरीवर बसले होते.

"बाबा, झालं. एक तारखेपासून या म्हने."

रघुनाथरावांनी इतका मोठा श्वास सोडला की शिपाई मागं सरकला. मग रुमालानं मान पुसत, त्यांनी विचारलं, "कोन्त्या भाषेत म्हने?"

"बाबा!"

"नाही, आपलं विचारलं."